मग मी आले कशाला? हायब्रिडचे वार ठरवण्याआधी

महापे एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात एक मुलगी बदलापूरहून येते. ठाण्यापर्यंत उभ्याने, मग पूल चढून नऊ-दहा नंबरवर नवी मुंबईकडची ट्रान्स-हार्बरची गाडी, घणसोलीला उतरून शेअर रिक्षा. एका सकाळी ती पोचली तर तिच्या टीममधलं दुसरं कोणीच आलेलं नव्हतं. दिवसभर कानात इअरफोन घालून ती घरी बसलेल्या सहकाऱ्यांशी कॉलवर बोलली. संध्याकाळी निघताना मला म्हणाली, "मग मी आले कशाला?"

अ‍ॅडमिन आणि एचआर दोन्ही माझ्याच गळ्यात असल्याने उत्तर मलाच द्यायचं होतं, आणि ते माझ्याकडे नव्हतं. लोक ऑफिसला यायला कुरकुरतात असं आपण म्हणतो. माझा अनुभव असा की येण्याचं त्यांना फारसं काही वाटत नाही, फुकट येण्याचा राग येतो. पन्नास ते शंभर माणसांची कंपनी ठाण्यात किंवा नवी मुंबईत चालवत असाल आणि हायब्रिडची, म्हणजे काही दिवस ऑफिस आणि काही दिवस घरून कामाची, घडी बसवायची असेल, तर तुमच्यासमोर साधारण तीन वाटा आहेत: सगळ्यांना एकच वार, टीमनिहाय वार, किंवा ज्याची त्याची मर्जी.

मर्जीची वाट आम्ही वर्षभर चाललो. कागदावर ती सगळ्यात उदार दिसते. अनुभवी आणि एकट्याने करायचं काम असलेल्या माणसाला ती खरोखर सोयीची असते, पण नव्या पोरांची वाट लागते. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनीअर्सवर तिथल्या तीन अर्थतज्ज्ञ बाईंनी केलेला अभ्यास २०२३ मध्ये समोर आला. टीमसोबत एकाच इमारतीत बसणाऱ्यांना त्यांच्या कोडवर जास्त सूचना मिळत होत्या, आणि ऑफिसं बंद झाल्यावर हा फरक बराचसा पुसला गेला. तोटा सगळ्यात जास्त झाला तो तरुण आणि नव्याने आलेल्यांचा. त्याची दुसरी बाजूही त्यात होती: शिकवण्यात वेळ गेल्याने शेजारी बसलेल्या ज्येष्ठांचं स्वतःचं कोड कमी व्हायचं. म्हणजे ज्येष्ठाला घर का आवडतं आणि फ्रेशरला त्याची शेजारची खुर्ची का हवी असते, दोन्ही कळतं. मर्जीवर सोडलं की ज्येष्ठच जिंकतो.

दुसऱ्या टोकाला एकच वार. मंगळ, बुध, गुरू सगळी कंपनी हजर, सोम-शुक्र घरी. याच्या बाजूने चांगला भक्कम पुरावा आहे. ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीत १,६१२ जणांवर प्रयोग झाला. वाढदिवसाची तारीख सम की विषम यावर दोन गट पाडले. एका गटाला बुधवार आणि शुक्रवार घरून काम, दुसऱ्याला पाचही दिवस ऑफिस. निकाल २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला: घरून काम मिळालेल्या गटात नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं, आणि कामगिरीत किंवा बढत्यांत फरक पडला नाही. सर्वाधिक फायदा झाला तो मॅनेजर नसलेल्यांना, बायकांना आणि लांबून येणाऱ्यांना. बदलापूर-महापे रोज करणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

मग सरळ हीच वाट का धरू नये? खुर्च्यांमुळे. आमचंच गणित मांडतो. माणसं ७२, बारा-बारा जणांच्या सहा टीम. सगळे एकाच दिवशी आले तर ७२ डेस्क लागतात, आणि तेच डेस्क सोमवारी-शुक्रवारी रिकामे, वर एसी चालू. टीमनिहाय गेलात आणि प्रत्येक टीमने आठवड्यात दोन दिवस यायचं ठरवलं, तर आठवड्याचे बारा टीम-दिवस पाच दिवसांवर पसरतात. एका दिवशी फार तर तीन टीम, म्हणजे ३६ डेस्क. आम्ही ४२ ठेवले. वरचे सहा कोणासाठी, ते पुढे सांगतो. जागेचं भाडं चौरस फुटावर जातं, त्यामुळे हा फरक मालकाला एचआरच्या कुठल्याही प्रेझेंटेशनपेक्षा लवकर समजतो. पाचसहा मजले आधीच ताब्यात असलेल्या कंपनीला हे गणित लागू नाही. त्यांनी एकच वार घ्यावा, हे मी मोकळेपणाने सांगेन.

टीमनिहाय वारांत खोट आहे, नाही असं नाही. सेल्सचा वार मंगळवार आणि अकाउंट्सचा गुरुवार असेल तर दोघांची गाठ कधी पडायची? आमच्याकडे एका बिलाचा घोळ तीन आठवडे चॅटवर फिरत राहिला. दोघं एका टेबलावर बसल्यावर तो पंधरा मिनिटांत सुटला. त्यामुळे ज्या टीमचं एकमेकींवाचून अडतं त्यांचा निदान एक वार सामाईक ठेवा. महिन्यातून एक दिवस सगळे ७२ बोलवा आणि त्या दिवशी डेस्कचं काम ठेवूच नका, नाहीतर ४२ खुर्च्यांवर संगीतखुर्ची सुरू होते.

आता ते सहा जास्तीचे डेस्क. घर म्हणजे शांत खोली, हे आपण मॅनेजर लोक आपल्या घरावरून धरून चालतो. घणसोलीत चौघांत मिळून वन बीएचके घेतलेल्या पोराला घरून काम म्हणजे पलंगावर बसून काम. काहींच्या घरी आजारी आई-वडील असतात, काहींच्या घरी दुपारी शिकवणीची मुलं येतात. अशा सहा-सात जणांना रोज यायचं असतं, त्यांना येऊ द्या.

स्वतःची ठरलेली जागा की रिकामी दिसेल तिथे बसायचं, यावर फार चर्चा नको. रोज येणाऱ्याला ठरलेली जागा, बाकीच्यांना टीमचा ठरलेला पट्टा आणि प्रत्येकाला कुलुपाचं कपाट. डबा, छत्री, पावसाळी चपला कुठे ठेवायच्या याचं उत्तर नसलेलं ऑफिस जूनमध्ये कळकट होतं.

पैसे कुठे घालायचे, यावर मात्र माझं मत ठाम आहे. बीन बॅग आणि रंगीत भिंती राहू द्या, आधी मीटिंग रूममध्ये चांगला माइक बसवा. खोलीत सहा आणि घरी दोन असले की घरच्या दोघांना फक्त खुर्च्या सरकल्याचा आवाज येतो, आणि हळूहळू ते बोलायचंच सोडतात. पुढे अप्रेझलला 'शांत आहे, पुढाकार घेत नाही' असा शेरा पडतो.

जागेबद्दल. महापे किंवा ऐरोलीत एकच ऑफिस, की तिथे थोडी जागा आणि ठाणे स्टेशनजवळ कोवर्किंगच्या, म्हणजे अनेक कंपन्यांच्या सामाईक ऑफिसातल्या, दहा-बारा खुर्च्या? कोवर्किंगचं भाडं खुर्चीमागे जास्त पडतं, पण सहसा महिन्याच्या नोटिशीवर सोडता येतं. स्वतःच्या जागेला डिपॉझिट आणि लॉक-इन असतं. कल्याण-कर्जत-कसाऱ्याकडची माणसं जास्त असतील तर ठाण्याच्या खुर्च्या वसूल होतात, कारण गाडी बदलणं वाचतं. पनवेल-उलव्याची जास्त असतील तर हा खर्च वाया. म्हणून आधी कोण कुठल्या स्टेशनवर चढतं याची यादी करा. जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव स्थानक सुरू झाल्यापासून दिघ्याकडच्या एमआयडीसीतल्या ऑफिसांचंही गणित बदललंय. सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) आवारात जागा घेणार असाल तर सीएला आधी विचारा. तिथल्या घरून कामासाठी २०२२ मध्ये नियम ४३अ आला आणि नंतर त्यात बदल होत गेले.

कायद्याच्या दोन गोष्टी लोक विसरतात. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय द्यावी लागते, आणि हा आकडा कंपनीतल्या माणसांचा असतो, त्या दिवशीच्या हजेरीचा नव्हे. 'आमच्याकडे तर रोज ३६च येतात' हे उत्तर चालणार नाही. प्रसूतीच्या रजेनंतर कामाचं स्वरूप तसं असेल तर परस्परसंमतीने घरून काम करण्याची तरतूदही आहे; दोन्ही गोष्टी मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने आल्या.

पावसाचा नियम लिहून ठेवा. हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल किंवा ट्रान्स-हार्बर बंद असेल तर टीमचा वार आपोआप घरचा, आणि तसा मेसेज सकाळी साडेसहाच्या आत. साडेआठला आलेला मेसेज लोक ठाण्याच्या पुलावर वाचतात.

माझा कौल टीमनिहाय वारांना, पण लीजवर सही करण्याआधी तीन महिने रोस्टर चालवून बघा. शुक्रवार कोणालाच नको असतो. आमच्याकडे दर तिमाहीला चिठ्ठ्या टाकतो. बदलापूरच्या मुलीच्या टीमला या वेळी मंगळ-बुध मिळाले. शुक्रवार माझ्या वाट्याला आलाय.