कॅबरे व्होल्तेअर, झ्युरिक: दादा चळवळीच्या घरात एक दुपार

लेकीकडे झ्युरिकला ही माझी तिसरी खेप. तळं आणि डोंगर आधीच बघून झाले होते, म्हणून या वेळी हट्टाने श्पीगेलगासे १ या पत्त्यावर घेऊन जायला लावलं. शाळेत तीस वर्षं नाटक बसवलं, मुलांकडून एकेक शब्द घोटून घेतला. दादा म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या काळात इथे सुरू झालेली, ठरीव अर्थ आणि तर्क धुडकावणारी कलाचळवळ. शब्दच मोडायला निघालेले ते लोक जिथे उभे राहिले ती जागा मला बघायची होती.

मुख्य स्टेशनपासून नदी ओलांडून रमतगमत पंधरा मिनिटं. शेवटी चढ आणि दगडी फरसबंदी आहे, गुडघे कुरकुरत असतील तर बूट चांगले घाला. आत बार, प्रदर्शन आणि जुनी खोली. पाऊण तासासाठी गेलो आणि तीन तास बसलो.

५ फेब्रुवारी १९१६ ला जर्मन लेखक ह्यूगो बाल आणि गायिका एमी हेनिंग्ज यांनी इथल्या खानावळीच्या खोलीत कॅबरे, म्हणजे गाणी-कवितांचा छोटा मंच, सुरू केला. युरोपभर महायुद्ध पेटलेलं. स्वित्झर्लंड तटस्थ, म्हणून जर्मनी, रुमानिया, आल्सास असे कुठकुठचे कलावंत इथे येऊन थांबलेले. बाल १९१४ मध्ये सैन्यात भरती व्हायला गेला होता. प्रकृतीमुळे घेतलं नाही, पण बेल्जियमची आघाडी त्याने डोळ्यांनी पाहिली. ज्या भाषेत राष्ट्राभिमानाची भाषणं झाली, त्या भाषेवरचा त्याचा विश्वासच उडाला. हे माहीत असलं की त्याच्या निरर्थक, नुसत्या ध्वनींच्या कविता पोरखेळ वाटत नाहीत. मला तरी त्यात शोक ऐकू येतो.

जून १९१६ मध्ये तो अशा कविता म्हणायला पुठ्ठ्याच्या नळकांड्यांचा पोशाख घालून आला. पाय निळ्या नळीत असे घट्ट अडकलेले की चालता येईना, म्हणून अंधारात उचलून मंचावर ठेवलं. म्हणता म्हणता आवाज आपोआप चर्चमधल्या प्रार्थनेच्या सुरात गेला, असं त्याने डायरीत लिहून ठेवलंय. तालमीत हे मी पाहिलंय. अर्थाचा आधार काढून घेतला की मुलं लहानपणी कानावर पडलेल्या लयीकडे वळतात. माझ्या वर्गात आवाज मोकळा करायला ‘अडगुलं मडगुलं’ असायचं, त्यामुळे मला हा माणूस परका वाटेना.

कॉफी घेताना ‘करवाने’ ही त्याची कविता मी हळूच वाचत होते, ‘जोलिफान्तो बाम्ब्ला’ म्हणून. काउंटरवरच्या मुलीने ऐकलं आणि हसून म्हणाली, “यो. योलिफान्तो.” मग तिने अख्खी ओळ म्हणून दाखवली, मी तिच्यामागून म्हटली, तिने मान डोलावली. कवितेला अर्थ नाही, पण उच्चार मात्र चोख हवा! माझ्यासारख्या बाईला यापरतं सुख नाही.

एक खंत आहे, ती या घराबद्दल नाही. आदल्या दिवशी जुन्या गावातून हिंडवणाऱ्या एका वाटाड्याने दादाची गोष्ट सांगितली, त्यात बाल होता, त्याचा साथीदार रुमानियन कवी त्झारा होता, एमीचं नावच नाही. गाण्याचा, मंचाचा सराव असलेली तीच होती. रोज संध्याकाळी पिऊन बसलेल्या लोकांसमोर उभं राहणं हे काम असतं, आणि ते तिने केलं.

कॅबरे जेमतेम पाच महिने चालला. पुढे घराची पार रया गेली. २००२ मध्ये कलावंतांनी आत शिरून ते ताब्यात घेतलं, २००४ पासून ते पुन्हा उघडं आहे. २००८ मध्ये शहराने त्याला पैसे द्यावेत का यावर चक्क मतदान झालं आणि लोकांनी होकार दिला. हे वाचून मला भरून आलं.

मूळ कलाकृती भरपूर बघायच्या असतील तर जवळच्या कुन्स्टहाउस या कलासंग्रहालयात जा, दादाचा मोठा संग्रह तिथे आहे. इथे यायचं ते जागेसाठी.

निघताना गल्लीत थोडं वर, १४ नंबरच्या घरावरची पाटी वाचा. २१ फेब्रुवारी १९१६ पासून लेनिन तिथे राहत होता. महायुद्धातली व्हर्दूंची भीषण लढाई फ्रान्समध्ये सुरू झाली तीही त्याच दिवशी. लेकीने पाटीचा फोटो काढला, मग आम्ही दोघी काही न बोलता ट्रामपर्यंत चालत आलो.

परतायच्या आधी एकदा पुन्हा जाणार आहे. पुढच्या चार ओळी पाठ झाल्यात, त्या मुलीला म्हणून दाखवायच्यात.