सर्टिफिकेटवाली जोडी की बिनसर्टिफिकेटची? लेकीच्या हिऱ्याच्या कुड्यांची खरेदी

माझं मत आधीच सांगते. पाव कॅरेटच्या वरचा एकेक खडा घेणार असाल तर स्वतंत्र प्रयोगशाळेचा रिपोर्ट हवाच. पण जोडी रिपोर्टवरून निवडू नका, ती डोळ्यांनीच निवडा. आणि हे दोन्ही साधायचं असेल तर हिरे कोंदणात बसायच्या आधी, सुटे असतानाच साधतं.

लेकीला लग्नात एका खड्याच्या कुड्या हव्या होत्या. रोज ऑफिसला घालता येतील अशा, पिवळ्या सोन्यात, मागे फिरकी. मी डोंबिवलीची, सहकारी बँकेत सोनेतारणाच्या टेबलावर बरीच वर्षं काढलेली. दागिना तारण आला की आमचा मूल्यांकनकार खड्यांचं वजन वजा करून उरलेलं सोनं तेवढं धरायचा. हिरे कितीही पाणीदार असोत, कर्जाच्या हिशोबात त्यांची किंमत शून्य. त्यामुळे हिऱ्यात पैसे घालताना ‘अडीअडचणीला उपयोगी पडेल’ हा विचार मी केलाच नाही. लेकीने घालावं आणि तिच्या कानाला शोभावं यासाठीच हे पैसे. मात्र जे सांगून विकलंय तेच हातात पडायला हवं.

पहिल्यांदा गेलो एका मोठ्या शोरूममध्ये. तिथे प्रत्येक खड्याला जीआयए या हिरे तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट. तिथल्या मुलाने ट्रे पुढे केला, आणि ‘जुळवलेली जोडी’ म्हणून दोन खडे दाखवले. एक ०.३० कॅरेट, दुसरा ०.३१. दोन्हींचा रंग एच (डी म्हणजे बिनरंगी, तिथून खाली पिवळसर झाक वाढत जाते), स्वच्छता व्हीएस-२ (आतले बारीक डाग भिंगाखालीच दिसणारे). कागदावर सख्खी भावंडं. सोबत माझा भाचा होता, तो वांद्र्याच्या भारत डायमंड बोर्समधल्या एका ऑफिसात असॉर्टिंग, म्हणजे हिरे प्रतीप्रमाणे वेगळे करायचं काम करतो. तो म्हणाला, “मावशी, ग्रेड नंतर बघ, आधी मापं वाच.”

रिपोर्टवर मापं मिलिमीटरमध्ये असतात: सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त व्यास, आणि खोली. एका खड्याची होती ४.२१–४.२४ × २.७८. दुसऱ्याची ४.३९–४.४२ × २.६५. म्हणजे पहिल्याने आपलं वजन पोटात दडवलेलं. खोली जवळजवळ ६६ टक्के, त्यामुळे समोरून बघताना तो बारका दिसतो. दुसरा ६० टक्क्यांचा, चांगला पसरलेला. कटच्या, म्हणजे पैलू किती नेमके पाडलेत याच्या, रकान्यातही एकाला ‘गुड’ आणि दुसऱ्याला ‘एक्सलंट’. भाच्याने दोन्ही चिमट्याने उचलून काळ्या मखमलीवर शेजारी ठेवले आणि आम्ही दुकानाच्या झगमगाटातून दाराशी, दिवसाच्या उजेडात गेलो. फरक मला चष्म्यातून, भिंगाशिवाय दिसला. एक खडा भरून चमकत होता, दुसऱ्याच्या मधोमध काळपट सावली होती. मग भाच्याने खिशातली जांभळ्या उजेडाची टॉर्च मारली. एक खडा निळा झाला, दुसरा तसाच राहिला. रिपोर्टमध्ये हेही लिहिलेलं होतं: एकाला ‘मीडियम ब्लू’ फ्लुओरेसन्स (अशा टॉर्चखाली उमटणारी चमक), दुसऱ्याला ‘नन’. लपवलेलं काहीच नव्हतं, पण कुणी वाचून दाखवलंही नव्हतं.

रिपोर्ट हा एकेका खड्याचा असतो. त्या खड्याचं शेजारच्या खड्याशी जमतं का, हे त्यात कुठेच नसतं. अंगठी घेणाऱ्याला याने फरक पडत नाही, कुड्या घेणाऱ्याला पडतो. चेहऱ्याच्या दोन बाजूंना दोन खडे असतात, समोरचा माणूस हातभर अंतरावरून दोन्ही एकाच वेळी बघतो. स्वच्छता वरची व्हीव्हीएस आहे की तिच्याखालची व्हीएस, हे त्याला जन्मात कळणार नाही. एक कान उजळ आणि एक मंद, हे मात्र लगेच जाणवतं. म्हणून कुड्यांसाठी माझा क्रम असा: आधी दोन्हींचा व्यास, मग कट, मग रंगाची जुळणी, आणि सर्वांत शेवटी स्वच्छता. शोरूमवाले नेमके उलट्या टोकाने सुरू करतात. स्वच्छतेची पायरी चढवली की किंमत चढते.

शोरूममधल्या मुलाबद्दल वाईट काही सांगायचं नाही. दुसरी जोडी मागवून ठेवतो म्हणाला, पण ती यायला वेळ लागणार होता.

मग आमच्या नेहमीच्या सराफांकडे गेले. माझं मंगळसूत्र त्यांच्या वडिलांनी घडवलेलं. त्यांनी पुडी उघडली आणि दोन खडे काढले, मिळून ०.६२ कॅरेट. दुमडलेल्या पांढऱ्या कागदाच्या घडीत दोन्ही पालथे, टोक वर करून ठेवले. हिऱ्याचा अंगचा रंग असाच कळतो, समोरून बघताना पैलूंची चमक तो झाकून टाकते. दोन्ही खड्यांत अगदी पुसट, सारखीच पिवळसर झाक. सुलटे केले तर एकाच साच्यातून काढल्यासारखे. भाच्याने गेजने मोजले, व्यासात केसाएवढा फरक. टॉर्चखाली दोन्ही शांत. लेक आरशासमोर कानाशी धरून उभी राहिली, आणि तिचा चेहरा बघून मला कळलं की हीच जोडी.

सर्टिफिकेट नव्हतं. “वहिनी, एच-व्हीएस माल आहे, आपल्या पेढीची गॅरंटी,” सराफ म्हणाले. भाव शोरूमपेक्षा साधारण अठरा हजारांनी कमी. त्यांनी पेढीच्या छापील कार्डावर तेच लिहून द्यायची तयारी दाखवली. कार्ड छान होतं, सोनेरी अक्षरांचं. पण जो विकतो त्यानेच दिलेली ग्रेड ही ग्रेड नाही, तो त्याचा शब्द आहे. शब्दाला मी मान देते, पण माझी मुलगी उद्या पुण्याला राहायला जाणार. तिथल्या दुकानात या कार्डाला कोण विचारणार?

हे मी अनुभवावरून म्हणते. माझ्या आईच्या सात हिऱ्यांच्या कुड्या होत्या, मागे एकदा मोडीत काढायचा विचार केला होता. ज्यांनी घडवल्या ती पेढी बंद झालेली. दुसऱ्या एका दुकानात दाखवल्या तर त्यांनी वजन केलं आणि म्हणाले, सोन्याचे पैसे देतो, हिऱ्यांचं काही धरता येणार नाही. मी कुड्या परत घेऊन आले. रिपोर्ट असता तर फार मिळालं असतं असं नाही. मोड करताना हिऱ्याला खरेदीच्या मानाने कमीच मिळतं आणि ‘बायबॅक’चे नियम ज्या त्या दुकानाचे असतात. पण निदान बोलणी तरी झाली असती.

दुसरं कारण याहून मोठं आहे, आणि ते आईच्या काळात नव्हतं. आता प्रयोगशाळेत वाढवलेले हिरे सरसकट मिळतात. सीव्हीडी आणि एचपीएचटी या त्यांच्या दोन पद्धती, आणि आपल्याकडे सुरतेत तर त्यांचा मोठा धंदा आहे. ते नकली नाहीत. तोही कार्बनच, तेवढाच कठीण, तेवढाच चमकदार. २०२३ मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरेटचा असाच हिरा भेट दिला होता. पण किंमत नैसर्गिक हिऱ्याच्या काही अंशच असते. आणि दुकानात जो पेनसारखा टेस्टर लावून ‘टूँ’ वाजवून दाखवतात, तो यातला फरक सांगू शकत नाही. तो उष्णता किती झरझर वाहते एवढंच बघतो, आणि या बाबतीत दोन्ही हिरे सारखेच. मोइसनाइट, म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा वेगळाच खडा, तोसुद्धा साध्या टेस्टरला फसवतो. भिंगाखाली अनुभवी माणसालाही खात्री देता येत नाही, हे भाच्याने मला स्वच्छ सांगितलं. त्याच्या ऑफिसातही माल मशीनमधून काढल्याशिवाय पुढे जात नाही. आमचे सराफ मला फसवतील असं माझ्या मनातही नाही. पण त्यांना ज्याने पुडी दिली, त्याला ज्याने दिली, त्या सगळ्या साखळीची हमी ते कशी देणार?

आमच्याकडे हिरा लाभतो का बघायला सराफ ओळखीच्या गिऱ्हाइकाला खडे घरी नेऊ देतात, उशाशी ठेवायला. सासूबाईंचा तसा आग्रह होता. मी सराफांना म्हटलं, भाऊ, उशाशी नको, तेवढ्या दिवसांत खडे तपासायला पाठवा. तपासणीचे पैसे मी भरते, आणि रिपोर्टवर जी ग्रेड येईल तिच्या भावाने मी घेते. ते क्षणभर थांबले. मग मुलाला हाक मारून म्हणाले, पाठवून दे. आयजीआयच्या मुंबईच्या प्रयोगशाळेत त्यांच्या पेढीच्या नावाने दोन्ही खडे गेले.

रिपोर्ट आले. दोन्ही नैसर्गिक. कट दोन्हींचा ‘एक्सलंट’. रंग मात्र एच नाही, जे. एकाची स्वच्छता व्हीएस-२, दुसऱ्याची एक पायरी खाली, एसआय-१. एच आणि जे यांच्यात आयची एकच पायरी असते. डी-पासून सुरू होणाऱ्या शिडीत ही घसरण कानात दिसणारी नाही, आणि पिवळ्या सोन्यात तर नाहीच. सोन्याचा रंग त्या झाकेला सांभाळून घेतो. पण भावात ती दिसते. सराफांनी मुकाट्याने कागद बघितला, आणि नऊ हजार कमी केले. बिनसर्टिफिकेटचा माल स्वस्त असतो असं आपण ऐकतो. तो एच-व्हीएसच्या मानाने स्वस्त होता. जे रंगाचा म्हणून बघितला तर नव्हता. त्यांनी हे जाणूनबुजून केलं असं मी म्हणत नाही. दुकानाच्या उजेडात, नजरेने, नमुन्याचे खडे शेजारी न ठेवता ग्रेड सांगितली की ती सांगणाऱ्याच्या बाजूला झुकतेच.

सुट्या खड्यांची तपासणी करून घेण्याचं महत्त्व इथेच आहे. दागिन्यात बसलेला हिरा प्रयोगशाळा तपासते, पण मग वजन अंदाजे धरावं लागतं आणि रंग-स्वच्छतेची ग्रेड एकेरी न देता टप्प्यात देतात. कडा कोंदणाखाली गेलेल्या असतात, बाजूने बघता येत नाही. सुटा असताना खड्याच्या कमरेवर, म्हणजे मधल्या गोल कडेवर, लेसरने रिपोर्टचा नंबरही कोरून घेता येतो. आम्ही कोरून घेतला. भिंगाखाली नंबर वाचला, प्रयोगशाळेच्या वेबसाइटवर टाकला, रिपोर्ट उघडला, आणि मगच खडे घडणीला दिले. कुड्या तयार होऊन आल्यावर पुन्हा भिंग मागून घेतलं. एका कुडीतला नंबर चिमटीखाली थोडा झाकला होता, पण शेवटचे आकडे जुळले.

माझ्या वहिनींना त्याच वेळी जुन्या वळणाच्या सात खड्यांच्या कुड्या हव्या होत्या, चार-चार सेंटांचे हिरे. तिथे मात्र मी वेगळा सल्ला दिला. शंभर सेंटांचा कॅरेट, म्हणजे हा खडा कॅरेटचा पंचविसावा भाग. अशा एकेका खड्याचा रिपोर्ट काढण्यात अर्थ नाही, खर्चच खड्यावर स्वार होईल. पूर्ण दागिन्याचा एक रिपोर्ट घ्यावा: एकूण वजन, रंगाचा टप्पा, आणि सगळे खडे नैसर्गिक आहेत याचा उल्लेख. बारक्या मालातच प्रयोगशाळेतले खडे मिसळले जाण्याची भीती जास्त असते, म्हणून तो उल्लेख महत्त्वाचा. त्यांनी तो घेतला.

एक खुलासा, कारण शेजारणींनी मला हेच विचारलं. हॉलमार्क आहे ना, मग अजून कसलं सर्टिफिकेट? हॉलमार्क सोन्याचा. दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी नंबर सरकारी बीआयएस केअर ॲपवर टाकला की सोन्याची शुद्धता कळते. हिऱ्याबद्दल तो एक अक्षर सांगत नाही. आणि ‘अर्ध्या कॅरेटच्या कुड्या’ म्हणजे बहुतेक वेळा दोन्ही मिळून अर्धा, हेही विचारून घ्या.

बिलावर मी हे लिहून घेतलं: सोन्याचं निव्वळ वजन आणि कॅरेट, हॉलमार्कचा खर्च, दोन्ही खड्यांचं वेगवेगळं वजन, ‘नैसर्गिक हिरा’ हे शब्द, दोन्ही रिपोर्टचे नंबर, घडणावळ आणि जीएसटी. सराफांच्या मुलाने पहिल्या बिलावर नुसतं ‘हिरे ०.६२’ लिहिलं होतं. मी ते परत करून दुसरं करून घेतलं.

काम सुबक आहे. चार चिमट्यांचं कोंदण, फिरकीचे आटे घट्ट, कानाच्या पाळीवर कुडी पुढे झुकत नाही. पुन्हा या सराफांकडे जाईन, आणि खडे पुन्हा त्यांच्या पुडीतूनच निवडीन, कारण जोडी लावण्याची त्यांची नजर शोरूममध्ये मला दिसली नाही. फक्त पैसे देण्याआधी खडे तपासून येतील, हे पहिल्या भेटीतच बोलून ठेवीन.