एकच नाव, दोन मालिका : कोणता ‘डार्थ व्हेडर’ आधी वाचावा?

‘स्टार वॉर्स’ सिनेमांतला काळ्या चिलखतातला खलनायक डार्थ व्हेडर. मार्वलने त्याच्या नावाच्या एकाहून जास्त कॉमिक मालिका काढल्या. त्यांतल्या पहिल्या दोन इथे पाहू, दोन्ही २५ अंकांच्या. घेताना लेखकाचं नाव पाहा, नाहीतर हमखास घोळ होतो.

२०१५ची मालिका किरॉन गिलनची, चित्रं साल्व्हादोर लारोकाची. डेथ स्टार हे साम्राज्याचं महाकाय युद्ध-अवकाशस्थानक नष्ट झाल्यावर सम्राटाच्या नजरेतून उतरलेला व्हेडर इथे आहे. तिसऱ्या अंकात येणारी डॉक्टर अफ्रा तर पुढे स्वतःच्या मालिकेची नायिका झाली. सहाव्या अंकात ‘स्कायवॉकर’ हे नाव, म्हणजे त्याचं स्वतःचंच जुनं आडनाव, कानी पडतं तेव्हा व्हेडर ओरडत नाही, फक्त समोरच्या काचेला तडे जातात. हे एक पान संपूर्ण मालिकेचं मोल वसूल करतं. अडचण १३ ते १५ या अंकांची. ती कथा ‘व्हेडर डाउन’ या वेगळ्या कॉमिकचा पहिला अंक आणि मुख्य ‘स्टार वॉर्स’ मालिकेचे अंक १३-१४ यांतही विभागलेली आहे. ते नसतील तर धागा तुटतो. लारोकाचे मानवी चेहरेही कधीकधी सिनेमाच्या फोटोंसारखे ताठरलेले वाटतात.

२०१७ची मालिका चार्ल्स सोल आणि ज्युसेप्पे कामुनकोली यांची. चिलखत नुकतंच चढलंय, लाइटसेबर, म्हणजे प्रकाशाची तलवार, मात्र नाही. तो मारलेल्या जेडाय योद्ध्याकडून हिसकावायचा आणि आतला स्फटिक वेदनेने लाल करायचा. ही मालिका स्वतंत्रपणे वाचता येते. मुस्ताफार या लाव्हाच्या ग्रहावरच्या किल्ल्याचा शेवटचा भाग थोडा गूढ आहे, पण चित्रं जबरदस्त.

कथेच्या कालक्रमाने सोल आधी येतो. तरी आधी गिलनच वाचा.