रेफरलशिवाय दोन महिने, रेफरल घेऊन सात: एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्टचा माझा अनुभव

सिडनीत राहते, वय 53, टाइप 2 डायबेटिस अकरा वर्षांपासून. गेल्या ऑगस्टपासून जवळच्याच एका एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्टकडे जाते. मैत्रिणी विचारतात, डॉक्टरची चिठ्ठी, म्हणजे रेफरल, लागते का गं? इथे ऑस्ट्रेलियात लागत नाही. फोन करून वेळ घ्या, पैसे भरा, जा. मीही तसंच केलं. पण तुम्ही रोज गोळ्या घेत असाल तर चिठ्ठीशिवाय जाऊ नका, असं मी आता सगळ्यांना सांगते.

ही मंडळी जिममधले ट्रेनर नव्हेत. विद्यापीठात चार वर्षं शिकून आलेली असतात आणि जुनाट आजार असलेल्यांना व्यायाम आखून देतात. पहिल्या दिवशी माझ्या फिजिऑलॉजिस्टने मला हाताची घडी छातीशी घेऊन खुर्चीतून उठबस करायला लावली, 30 सेकंदांत किती होतात ते बघायला. नऊ झाल्या.

फॉर्मवर औषधांच्या रकान्यात मी नुसतं 'शुगरच्या गोळ्या' असं लिहिलं होतं. चौथ्या भेटीला ऑफिसमधून थेट गेले, दुपारचा डबा तसाच राहिला होता. पायाने वजन ढकलताना एकदम घाम फुटला, ओठ बधिर झाले, हात थरथरायला लागले. तिने बोटाला सुई टोचून शुगर मोजली: 3.4 (इथे mmol/L मध्ये मोजतात; भारतातल्या mg/dL मध्ये साधारण 61). सात जेली बीन्स हातावर ठेवल्या, समोर बसून खायला लावल्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली. 5.2. मग विचारलं, गोळ्यांची नावं काय? मेटफॉर्मिनच्या जोडीला ग्लिक्लाझाइड आहे हे तिला तेव्हा कळलं. ग्लिक्लाझाइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, त्यात उपाशीपोटी व्यायाम, म्हणून शुगर उतरली. त्या दिवशी खरंच घाबरले होते.

दुसऱ्याच आठवड्यात जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, गेले. त्यांनी दीर्घकालीन आजाराचा प्लॅन करून रेफरल दिलं. सोबत औषधांची यादी, एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) आणि डोळ्यांचा रिपोर्ट. डोळ्यांचा कशाला, असं मला वाटलं होतं. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या नाजूक झाल्या असतील तर श्वास रोखून जड वजन उचलणं धोक्याचं असतं. माझे डोळे ठीक निघाले, मगच तिने वजनं वाढवली. आता सुरुवात करण्याआधी मीटर काढायचा, आकडा 5 च्या खाली असेल तर आधी केळं.

पैशांचं सांगते. रेफरल असलं की मेडिकेअर, म्हणजे इथला सरकारी आरोग्य विमा, प्रत्येक भेटीमागे 60 डॉलरच्या आसपास परत देतं, वरचा फरक आपण भरायचा. पण वर्षाला अशा पाचच भेटी, आणि त्याच पाचांत पोडिएट्रिस्ट (पायांचे तज्ज्ञ), डाएटिशियन सगळे आले. माझी एक पायांच्या तपासणीत गेली. जानेवारीत पुन्हा नव्या पाच मिळतात. टाइप 2 वाल्यांना याशिवाय वर्षाला आठ ग्रुप सेशन्स असतात. ही गोष्ट मला कुणी आपणहून सांगितली नाही, मी विचारली म्हणून कळली. तुम्हीही विचारा. प्रायव्हेट एक्स्ट्राज (अशा भेटींचा खर्च देणारा खासगी विमा) असेल तर रेफरलशिवायही क्लेम होऊ शकतो, फक्त एकाच भेटीचे पैसे मेडिकेअर आणि एक्स्ट्राज दोन्हीकडून घेता येत नाहीत.

संध्याकाळच्या वेळा पटकन भरतात, एवढीच माझी तक्रार. एचबीए1सी 8.2 वरून 7.1 वर आलाय. गेल्या गुरुवारी खुर्चीतून उठबशा मोजल्या, चौदा झाल्या.