निमंत्रण, प्रतीक्षायादी की उघडे दार?

नव्या संकेतस्थळाचे दार पहिल्या दिवसापासून सर्वांना उघडे ठेवावे, की ‘सध्या केवळ निमंत्रितांसाठी’ अशी पाटी लावून उत्सुकता वाढवावी, असा प्रश्न निघाला की जीमेलचा दाखला हमखास दिला जातो. १ एप्रिल २००४ रोजी सुरू झालेली ही सेवा निमंत्रणाशिवाय मिळत नसे, ती निमंत्रणे ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावर विकली जात, आणि ती सर्वांना खुली व्हायला फेब्रुवारी २००७ उजाडले. मात्र दाखला देणारे एक गोष्ट सहसा सांगत नाहीत, ती म्हणजे इथली टंचाई खरी होती. कंपनीत इतर कोणालाही नको असलेल्या सुमारे तीनशे जुन्या पेंटियम-३ संगणकांवर जीमेलचा संसार चालला होता, आणि हॉटमेल ही प्रतिस्पर्धी ईमेल सेवा २ एमबीवर बोळवण करत असताना प्रत्येकाला १ जीबी जागा द्यायची, तर माणसे मोजूनच आत घ्यावी लागणार होती. शिवाय आत आलेला एकटा माणूसही बाहेरच्या कोणाशीही पत्रव्यवहार करू शकत होता. मित्रांना निमंत्रण मिळाले नाही म्हणून त्याचे काही अडत नव्हते.

त्याच कंपनीने सप्टेंबर २००९ अखेर गूगल वेव्हसाठी सुमारे एक लाख निमंत्रणे काढली, तेव्हा नेमके इथेच घोडे अडले. अनेकांनी मिळून एकाच वेळी लिहावे, चर्चा करावी यासाठी बनवलेल्या या सेवेत निमंत्रित मोठ्या हौसेने शिरे, तर ज्यांच्यासोबत काम करायचे ते सहकारी बाहेरच असत, आणि त्याने त्यांच्यासाठी पाठवलेली निमंत्रणेही लगेच पोहोचत नसत. पंगतीला एकट्यालाच बसवावे, तसा हा प्रकार. मे २०१० मध्ये वेव्ह सर्वांना खुली झाली आणि ऑगस्टमध्ये तिचे काम थांबवल्याचे जाहीर झाले. ती समजायलाही अवघड होती, त्यामुळे सगळा दोष निमंत्रणांच्या माथी मारणे योग्य नाही. पण त्यांनी तिचे नुकसानच केले, असे माझे मत आहे.

फेसबुकचे दारही फेब्रुवारी २००४ मध्ये बंदच होते, परंतु कुंपण घातले होते ते एका संपूर्ण समूहाभोवती. हार्वर्ड विद्यापीठाचा ईमेल पत्ता असलेल्या कोणालाही प्रवेश होता, त्यामुळे पहिल्या महिन्यातच तिथल्या निम्म्याहून अधिक पदवीपूर्व विद्यार्थ्यांनी नोंदणी केली आणि नव्याने येणाऱ्याला ओळखीचे चेहरे लगेच भेटले.

प्रतीक्षायादीचे गणित वेगळे आहे. रॉबिनहूड या अमेरिकी शेअर-व्यवहार ॲपने रांगेतला क्रमांक दाखवून आणि मित्र आणल्यास पुढे सरकण्याची मुभा देऊन, सेवा सुरू होण्याआधीच जवळजवळ दहा लाख नावे गोळा केली. नावे गोळा करण्यात या पद्धतीचा हात कोणी धरणार नाही. मात्र यादीतले नाव म्हणजे वापरकर्ता नव्हे, आणि महिनोन्‌महिने निरोप गेला नाही तर हौस विरते.

उघड्या दाराच्या बाजूने थ्रेड्स या समाजमाध्यमाने जुलै २०२३ मध्ये पाच दिवसांत मिळवलेल्या दहा कोटी नोंदण्या दाखवल्या जातात. पण त्यांच्यामागे इन्स्टाग्रामची तयार खाती होती, तेव्हा ते उदाहरण आपल्या कामाचे नाही.

भारतात एक कायदेशीर बाजूही आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत तेरा फसव्या क्लृप्त्या नमूद आहेत, आणि खोटी निकड किंवा खोटी टंचाई भासवणे ही त्यांतली पहिलीच आहे. सर्व्हरवर हवी तेवढी जागा असताना ‘केवळ ५० जागा शिल्लक’ असे लिहून पैसे घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

तेव्हा आपली सेवा एकट्यालाही उपयोगी असेल आणि मदतीला माणसे कमी असतील, तर प्रतीक्षायादी ठेवावी, तिचे खरे कारण पानावरच लिहावे आणि दर आठवड्याला काही जणांना आत घ्यावे. सेवा इतरांच्या सोबतीवर चालणारी असेल, तर एकेकट्याला निमंत्रणे वाटू नयेत. एखादे महाविद्यालय किंवा एखादी गृहनिर्माण संस्था निवडून तिथल्या सर्वांना एकदमच प्रवेश द्यावा. आणि केवळ माहिती द्यायची किंवा वस्तू विकायची असेल, तर दाराला कडी लावण्याचे काहीच कारण नाही.