खडक-चाचणी प्रयोगशाळा: यंत्र झकास, पहिला रिपोर्ट फसवा

वाळूखडकाचे सहा कोअर, म्हणजे खडकातून कापलेले दंडगोल नमुने, या प्रयोगशाळेत पाठवले होते. 38 मिमी व्यास, 76 मिमी लांबी, चार अखंड आणि दोन भेगाळलेले. छिद्रांत पाणी भरलेलं असताना बाहेरून दाबलं तर खडक किती चेपतो आणि त्यातला किती भार पाणी उचलतं, एवढंच मला हवं होतं.

पहिला रिपोर्ट दिसायला देखणा. पण स्केम्प्टनचा 'बी' 0.19 बघून मी थबकलो. पाण्याला वाट न देता बाहेरचा दाब वाढवला की छिद्रदाब त्याच्या किती पट चढतो, तो हा बी. भिजल्या चिकणमातीत तो 1 ला टेकतो. खडकाचा सांगाडा मुळात ताठ, त्यामुळे इथे कमी येणार हे कबूल. पण यांनीच मोजलेलं ड्रेन्ड बल्क मॉड्युलस (पाण्याला निघायला वाट देऊन मोजलेला, चेपण्याला होणारा विरोध) 12 गिगापास्कल, सच्छिद्रता 18 टक्के. खडकाच्या कणांचं, म्हणजे क्वार्ट्झचं, मॉड्युलस 37 आणि पाण्याचं 2.2 धरलं तर कागदावर 0.42 येतो. मग निम्मा कुठे गेला?

'खडकच तसा आहे साहेब,' हे पहिलं उत्तर. खडक बिचारा बोलत नाही म्हणून! खरी गोम नळीत होती. सेन्सर कोअरपासून लांब, मधे नळीभर पाणी, त्यात हवेचे बुडबुडे. चढलेला दाब त्यांना दाबण्यातच जिरत होता. तिथल्या तंत्रज्ञ मॅडमनी चूक लगेच मान्य केली, बॅक प्रेशर देऊन (छिद्रांतल्या पाण्यावरच दाब ठेवून, म्हणजे हवा विरघळते) नमुना पुन्हा भिजवला, नळीचा हिशेब वजा केला. 0.40 आला. जादा पैसे मागितले नाहीत.

बायोने 1941 मध्ये पाणी भरलेल्या सच्छिद्र पदार्थांसाठी मांडलेल्या सिद्धांतातला गुणांक, म्हणजे छिद्रदाबाचा किती हिस्सा वजा करायचा तो आकडा, मात्र आधीपासूनच बरोबर होता, 0.68. म्हणजे एकूण ताणातून अख्खा छिद्रदाब वजा करायची मातीतली सवय इथे चालत नाही.

भेगाळलेल्या कोअरचं काम अप्रतिम. सुरुवातीला भेग मिटते तोवर आलेख वाकडा, नंतर ताठ. दाब काढल्यावर परतीची वाट वेगळीच. भेग निम्मी मिटली की प्रवाह आठव्या हिश्शावर येतो हे पुस्तकी गणित खडबडीत भेगेत तंतोतंत बसत नाही, तेही त्यांनी आपणहून लिहिलंय.

सात आठवडे लागले. त्याबद्दल तक्रार नाही. ड्रेन्ड चाचणीत घाई केली तर पाणी निघायच्या आत दाब चढतो आणि खडक उगाच ताठ दिसतो.

पाचपैकी साडेतीन. पुढचे कोअरही इथेच देणार, फक्त नळीचं आकारमान आधी लेखी मागून घेणार.