‘नो-कॉस्ट ईएमआय’: वॉशिंग मशीनला चालेल, सहलीला नको

दसरा-दिवाळीच्या खरेदीत क्रेडिट कार्डावरची ही बिनव्याजी म्हणवणाऱ्या मासिक हप्त्यांची सोय जिकडेतिकडे पुढे केली जाते. व्याज लागत नाही, असं काउंटरवर सांगतात. ते लागतंच. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. होतं एवढंच की व्याजाइतकी सूट किमतीत आधी मिळते आणि बँक तेच व्याज हप्त्यातून वसूल करते.

३०,००० चा मोबाइल, ६ हप्ते, वर्षाला १५ टक्के दर धरू. सूट साधारण १,२७०, कर्ज २८,७३०, हप्ता ५,०००. पहिलं बिल उघडून बघा: मुद्दल ४,६४१, व्याज ३५९ आणि व्याजावर १८ टक्के जीएसटीचे ६५. हा जीएसटी सूटीत धरलेला नसतो. सहा महिन्यांत तो होतो २२९. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर करासकट २३५. एकूण ४६४ रुपये खिशातून गेले.

एवढ्याने कुणी बुडत नाही. खरा फटका बसतो तो रोखीची सवलत हातची गेल्यावर. उधारीचं पोतं सव्वा हात रितं, ते असं. म्हणून आधी यूपीआयने एकरकमी दिले तर शेवटचा भाव काय, ते काढून घ्या, ईएमआयचा विषय त्यानंतरच. वस्तू परत केली तर फी बहुतेक वेळा बुडते. आणि एखाद्या महिन्यात पूर्ण बिलाऐवजी नुसतं ‘मिनिमम ड्यू’ (बिलावरची किमान रक्कम) भरलंत, तर त्याच कार्डावरच्या किराण्यालाही व्याज चढतं.

मग ईएमआय घ्यावा कशासाठी? ड्रेझन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाईन या अभ्यासकांच्या १९९८ च्या शोधनिबंधात याचं चांगलं उत्तर आहे. लोकांना सहलीचे पैसे आधी भरून मोकळं व्हायला आवडतं, वॉशिंग मशीनचे मात्र वापरता वापरता फेडायला. अगदी पटण्यासारखं आहे. मशीन रोज बादलीभर कपडे धुऊन देतं, त्यामुळे हप्ता कशाचा चाललाय ते डोळ्यांसमोर असतं. सहलीचे फोटो आठवड्याभरात बघून होतात, हप्ते पुढे पाच महिने येत राहतात. नवा मोबाइलही महिन्याभरात अंगवळणी पडतो. जुना धड चालत असेल तर त्यासाठी हप्ता नकोच.

सहलीसाठी हेच गणित उलटं करा: बँकेत ५,००० ची सहा महिन्यांची आरडी (दरमहा भरायची आवर्ती ठेव) लावा आणि ती सुटली की हॉटेलचे पूर्ण पैसे निघण्याआधीच भरून टाका.